नागपूरच्या अंगणात आटोपशीर इंग्लिश गुलाब : जात निवडण्यापासून तिसऱ्या वर्षीच्या छाटणीपर्यंत

टोकदार कळी, सरळ लांब दांडा आणि एकेक पाकळी मागे वळवत उघडणारे फूल, हे आपल्याला परिचित असलेल्या हायब्रिड टी गुलाबाचे रूप आहे. इंग्लिश गुलाबाचे फूल वाटीसारखे गोल असते, त्यात भरपूर पाकळ्या एकमेकींत दाटून बसलेल्या असतात आणि त्याचा सुगंध फूल नाकाशी नेण्यापूर्वीच जाणवतो. इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातल्या डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या सुगंधी गुलाबांचा आधुनिक गुलाबांशी संकर करून हा प्रकार घडवला. त्यांची पहिली जात 'कॉन्स्टन्स स्प्राय' १९६१ मध्ये आली, पण ती वर्षातून एकदाच फुलत असे. पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या जाती त्यानंतर आल्या आणि १९८३ मधल्या पिवळ्या 'ग्रॅहम थॉमस'मुळे या गुलाबांचे नाव सर्वदूर झाले.

ही झाडे थंड, ढगाळ आणि वर्षभर थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या प्रदेशासाठी तयार झालेली आहेत. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वर्षाचा सुमारे हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. असे असूनही ही झाडे येथे उत्तम येतात, हे मी अनेक वर्षांच्या अनुभवावरून खात्रीने सांगतो. मात्र रोपासोबत येणाऱ्या 'रोगप्रतिकारक' या शब्दावर सगळा भार टाकता येत नाही. गुलाबावरील काळ्या ठिपक्याच्या बुरशीचे अनेक वंश आहेत आणि एका प्रदेशातील वंशाला दाद न देणारी जात दुसऱ्या प्रदेशातील वंशाला बळी पडू शकते. जातीच्या अंगची ताकद हवीच, पण झाड निरोगी राहते ते त्या ताकदीला कोरडे पान, खेळती हवा आणि नागपूरच्या ऋतूंना धरून केलेली कामे यांची जोड मिळाल्यावर.

जात निवडताना उंचीचा हिशेब

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात झाड पूर्ण झोपते, पाने गाळते आणि तीन-चार महिने वाढ थांबवते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत, क्वचित त्याखालीही उतरते, परंतु दिवसा स्वच्छ ऊन असते आणि झाड थांबत नाही. परिणामी तिकडे चार फुटांची म्हणून नोंदलेली जात येथे सहा फुटांच्या वर जाते. 'ग्रॅहम थॉमस'ला २००९ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने जगाचा लाडका गुलाब म्हणून गौरवले असले, तरी उष्ण हवेत ते झाड वेलासारखे दहा फुटांपर्यंत फोक फेकते. 'ॲब्राहम डार्बी'चेही तसेच आहे. छोट्या अंगणासाठी या दोन्ही जाती सुंदर असूनही योग्य नाहीत. माझा साधा हिशेब असा, की नोंदलेल्या उंचीची दीडपट करावी आणि तेवढी जागा आपल्याकडे आहे का ते पाहावे.

या हिशेबात बसणाऱ्या तीन जाती मी आधी सुचवीन. 'ऑलिव्हिया रोझ ऑस्टिन' ही २०१४ मधील फिकट गुलाबी जात सुमारे तीन फुटांची असून तिच्या पानांचे आरोग्य हेच तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे. 'प्रिन्सेस ॲन' ही २०१० मधील गडद गुलाबी जात ताठ, भरदार आणि जाड पाकळ्यांची आहे. मार्चचे ऊन लागल्यावरही तिचे फूल इतर जातींच्या तुलनेत अधिक टिकते, म्हणून नागपूरसाठी मी तिला पहिली पसंती देतो. 'डेस्डिमोना' ही २०१५ मधील पांढरी, पीचसारखी झाक असलेली जात चार फुटांची म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे तिला छाटणीने आवरावे लागते. तिचा सुगंध मात्र तो त्रास सार्थकी लावतो.

मूळ नावाची रोपे मिळाली नाहीत, तर त्याच धाटणीच्या इतर जातींचा विचार करावा. जर्मनीतील कॉर्डेस या घराण्यानेही वाटीच्या आकाराची, भरपूर पाकळ्यांची फुले देणाऱ्या निरोगी जाती काढल्या आहेत. जर्मनीत नव्या गुलाबांची 'एडीआर' नावाची परीक्षा घेतली जाते आणि तीत १९९७ पासून झाडांवर औषधे फवारली जात नाहीत. ती परीक्षा उतरलेल्या जातीवर इतरांपेक्षा अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही.

रोप विकत घेताना

रोप फुलावर भाळून घेऊ नये. माझी पहिली दोन रोपे मी फेब्रुवारीच्या शेवटी, दोन-दोन फुले लागलेली पाहून घेतली होती. महिनाभरात उन्हाळा सुरू झाला, मुळे पसरायला वेळच मिळाला नाही आणि मे अखेरच्या नवतपाच्या नऊ कडक दिवसांत दोन्ही रोपे शेंड्यापासून बुडापर्यंत वाळली. त्यांतील एका रोपाच्या बुडातून पावसाळ्यात जोमदार फुटवा आला, तेव्हा झाड वाचले म्हणून मला फार आनंद झाला. पुढच्या वसंतात त्यावर बोटाच्या पेराएवढी, मोजक्या पाकळ्यांची फुले घोसाने आली. वर बांधलेला डोळा, म्हणजे हव्या त्या जातीचा जोडलेला कोंब, कधीच मेला होता आणि मी वर्षभर ज्याला खतपाणी घालत होतो, ते फक्त खुंटाचे, म्हणजे तो डोळा ज्यावर भरतात त्या दुसऱ्या गुलाबाचे झाड होते.

म्हणून रोपाची पारख खालून वर करावी. डोळा भरलेला सांधा हाताने चाचपून पाहावा. तो फुगीर, घट्ट आणि भेगा नसलेला असावा. सांध्याच्या वरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निदान दोन, शक्यतो तीन फांद्या निघालेल्या असाव्यात. एका पानात सात पर्णिका, म्हणजे सात छोटी पाने, दिसली की तो फुटवा खुंटाचा, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. इंग्लिश गुलाबांच्या बाबतीत ही खूण फसवी आहे, कारण जुन्या गुलाबांचे रक्त असल्यामुळे त्यांच्या चांगल्या फांदीवरही पुष्कळदा सात पर्णिका येतात, आणि या समजुतीपायी अनेकांनी आपल्याच झाडाचे सर्वांत जोमदार फुटवे कापून टाकले आहेत. फुटवा सांध्याच्या खालून निघाला की वरून, एवढेच पाहावे आणि शंका आली तर बोटाने माती उकरून त्याचे मूळ ठिकाण शोधावे.

खुंटाची चौकशीही अवश्य करावी. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत मल्टिफ्लोरा खुंटावरील रोपांची पाने लवकर पिवळी पडतात, तर इंडिका ओडोराटा हा खुंट अशी माती बऱ्यापैकी सोसतो.

काळी माती आणि वाफा

झाडाला हिवाळ्यात सहा तास ऊन मिळावे आणि एप्रिल ते जूनमध्ये दुपारी एकनंतर सावली मिळावी, अशी जागा शोधावी. घराच्या पूर्वेकडील किंवा आग्नेयेकडील बाजू बहुधा या दोन्ही अटी पुऱ्या करते. पश्चिमेची भिंत टाळावी. मे महिन्यात ती रात्री दहापर्यंत हाताला चटका देते आणि तिच्याजवळच्या झाडाला रात्रीही विसावा मिळत नाही. सकाळचे पहिले ऊन पडणारी जागा आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे, ते म्हणजे रात्रीचे दव त्यामुळे लवकर सुकते. काळ्या ठिपक्याच्या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले असावे लागते, त्यामुळे पान दोन तास आधी कोरडे झाले तरी रोगाचे मोठे कारण दूर होते.

नागपूरची काळी माती सुपीक आहे, पण गुलाबाच्या मुळांना ती दोन टोकांचा त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते, हवा कोंडते आणि मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात आकसून तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळे तुटतात. जागा पक्की करण्यापूर्वी दीड फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. चार-पाच तासांनंतरही पाणी उभे असेल, तर जमिनीत लावण्याचा आग्रह सोडून वर उचललेला वाफा करावा. मातीत पांढरे खडे दिसले, तर त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला की तो चुना समजावा. अशा मातीत गंधक घालून सगळ्या जमिनीचा सामू (पीएच) उतरवण्याच्या भरीस पडू नये, कारण मातीतला चुना ते गंधक पचवून टाकतो.

वाफा जमिनीपासून एक फूट उंच, विटांची कड देऊन बांधावा. त्यासाठी दोन भाग अंगणातलीच माती, दोन भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत, एक भाग बारीक मुरूम आणि एक भाग धानाचे तूस असे मिश्रण मी वापरतो. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून ती मोकळी होईल ही समजूत चुकीची आहे. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट बसते. शेणखत पुरते कुजलेले असावे, त्याला शेणाचा वास येत नसावा. कच्च्या शेणखतातून हुमणी आणि वाळवी या दोन्ही किडी वाफ्यात येतात आणि हुमणीने मुळे खाल्लेले झाड हातात अलगद उपटून येईपर्यंत आपल्याला पत्ताही लागत नाही.

लागवड

पाऊस परतल्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत लागवड करावी. त्यामुळे मुळांना पसरायला उन्हाळ्यापूर्वी निदान चार महिने मिळतात. बाहेरगावाहून येणारी पुष्कळ रोपे चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच लावला तर मुळे त्यातून बाहेर पडत नाहीत आणि वाफा ओला असूनही गोळा आत कोरडा राहतो. रोप पिशवीसकट अर्धा तास पाण्यात ठेवावे, पिशवी काढून गोळ्याची बाहेरची माती बोटांनी हळूहळू सैल करावी आणि मुळांची टोके मोकळी दिसली की थांबावे. गोळा पूर्ण फोडण्याची गरज नाही.

वाफ्यात रोपापेक्षा दुप्पट रुंद खड्डा घ्यावा, तळाशी निंबोळी पेंडीच्या दोन मुठी मिसळाव्यात आणि डोळ्याचा सांधा मातीच्या वर दोन बोटे राहील अशा बेताने रोप बसवावे. इंग्लंडमध्ये हा सांधा मातीखाली गाडायला सांगतात, कारण तेथे कडाक्याच्या थंडीपासून तो वाचवायचा असतो. आपल्याकडे त्याला पावसाळ्यातल्या ओलीपासून वाचवायचे आहे. दोन झाडांत तीन ते साडेतीन फूट अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी वाफा रिकामा दिसतो आणि मध्ये आणखी एक झाड लावण्याचा मोह होतो, परंतु दुसऱ्या पावसाळ्यात एकमेकांत शिरलेली पाने दिवसभर सुकत नाहीत, तेव्हा त्या मोहाची किंमत कळते.

गच्चीवर लावायचे असेल, तर सोळा इंची किंवा त्याहून मोठी कुंडी घ्यावी. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हाळ्यात आतून भाजते. मातीची किंवा सिमेंटची कुंडी घेऊन ती विटांवर ठेवावी, म्हणजे स्लॅबची धग मुळांना लागत नाही. कुंडीतल्या मिश्रणात माती निम्म्याहून कमी ठेवून कुजलेले खत आणि कोकोपीट वाढवावे.

पाणी, आणि कूलरच्या टाकीतले पाणी

पाणी सकाळी आणि फक्त बुडाशी द्यावे. हिवाळ्यात वाफ्यातल्या झाडाला आठवड्यातून दोनदा, मार्चपासून एक दिवसाआड आणि मे महिन्यात बहुधा रोज पाणी लागते. कुंडीला मेमध्ये सकाळ-संध्याकाळ द्यावे लागेल. तरीही दिवस मोजण्यापेक्षा बोट दोन पेरे मातीत घालून पाहणे अधिक भरवशाचे आहे.

नागपूरच्या घराघरात उन्हाळ्यात कूलर चालतो आणि कूलरच्या टाकीत उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याची चांगल्या मनाची सवय आपल्याला असते. गुलाबाच्या बाबतीत ही सवय मोडावी. कूलरमध्ये पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मात्र टाकीतच राहतात. टाकीच्या कडेला आणि ताट्यांवर जमणारी पांढरी पपडी म्हणजे हेच क्षार होत. आठवडाभर चाललेल्या टाकीतले पाणी मूळच्या नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेले असते. माझ्या कुंड्यांमधील पानांच्या कडा सलग दोन उन्हाळे तांबूस होऊन वाळत होत्या आणि मी त्याचा दोष उन्हाला देत होतो. कूलरचे पाणी बंद केल्यावर नवी पाने स्वच्छ आली. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही याच कारणासाठी वर्ज्य समजावे. बोअरचे पाणी जड असेल, तर पावसाचे पाणी ड्रममध्ये साठवून अधूनमधून द्यावे आणि कुंडीत महिन्यातून एकदा तळाच्या छिद्रातून भरपूर वाहून जाईल इतके साधे पाणी सोडावे.

खत

इंग्लिश गुलाबाला नत्राचा मारा सोसत नाही; मऊ, लुसलुशीत फुटीवर मावा आणि भुरी दोन्ही लवकर येतात, आणि बारीक दांड्यांना फुलांचा भार पेलत नाही. छाटणीनंतर प्रत्येक झाडाला दोन किलो शेणखत किंवा एक किलो गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड पुरते. कळ्या दिसू लागल्यावर विदर्भात सहज मिळणारी सरकी पेंड उपयोगी पडते. पाव किलो पेंड पाच लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, गाळून, त्यात दहापट पाणी मिसळून पंधरा दिवसांतून एकदा द्यावी. हाडांचा चुरा आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, पण अल्कधर्मी मातीत त्यातला स्फुरद झाडाला जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे त्यावर पैसे खर्च करू नयेत.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर ती लोहाची कमतरता असते. मातीत बहुधा लोह असतेच, चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) नुसता मातीत टाकला तर तोही काही दिवसांतच निकामी होतो. एक लिटर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावा, किंवा मातीतून द्यायचे झाल्यास ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह मागून घ्यावे; स्वस्तात मिळणारा ईडीटीए प्रकार आपल्या मातीच्या सामूला टिकत नाही.

ऑक्टोबरची छाटणी

वर्षभराच्या कामांत हे सर्वांत मोलाचे काम आहे. दसरा कधी सप्टेंबरच्या अखेरीस येतो, कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणून पंचांगापेक्षा आकाश पाहावे. पाऊस परतून सलग आठ दिवस कोरडे ऊन पडले, की छाटणी करावी. त्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत पहिला बहर येतो, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेले झाड डिसेंबरच्या सुरुवातीला फुलते आणि थंडीमुळे तेव्हाची फुले सर्वांत मोठी, गडद आणि टिकाऊ असतात.

छाटणीपूर्वी मुळे उघडी करून पाणी तोडण्याची पद्धत आपल्याकडील काही जुने बागवान अजून पाळतात. संत्र्याला ताण देऊन बहार धरण्याची सवय असलेल्या या भागात ती कल्पना पटकन पटते. मात्र संत्र्याला फूल येण्यासाठी तो ताण हवा असतो. गुलाब नव्या फुटीवर फुलतो आणि त्याला ताणाची गरज नाही. भेगाळणाऱ्या मातीत मुळे उघडी केल्याने नुकसानच अधिक होते. मी हा प्रकार पूर्ण सोडून दिला आहे.

हायब्रिड टी गुलाबासारखे हे झाड गुडघ्याखाली कापू नये. आधी मेलेल्या, रोगट आणि काडीएवढ्या बारीक फांद्या बुडातून काढाव्यात, मग एकमेकींना घासणाऱ्या दोघींपैकी एक काढावी आणि उरलेल्या फांद्या उंचीच्या एक-तृतीयांशाने, फार वाढलेल्या जातीत निम्म्याने कमी कराव्यात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर किंचित तिरपा काप घ्यावा. काप घेतल्यावर तो अवश्य निरखून पाहावा. मधला गाभा ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा दिसला तर फांदी निरोगी आहे. तो चहाच्या रंगाचा दिसला तर शेंड्याकडून खाली उतरणारी मर तेथपर्यंत पोहोचलेली आहे, आणि पांढरा गाभा लागेपर्यंत एकेक डोळा खाली येत कापत जावे, मग त्यात फांदीची सगळी उंची गेली तरी चालेल. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. पेन्सिलीहून जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. संत्र्याच्या बुंध्यांना लावली जाते तीच ही पेस्ट. मोरचूद शंभर ग्रॅम, कळीचा चुना शंभर ग्रॅम आणि पाणी एक लिटर, हे तिचे प्रमाण. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावेत आणि ती त्याच दिवशी वापरून संपवावी.

छाटणीनंतर झाडावर उरलेली जुनी पाने हाताने काढून टाकावीत आणि जमिनीवर पडलेले प्रत्येक पान वेचावे. काळ्या ठिपक्याची बुरशी या पानांतच टिकून राहते. ती पाने कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ देऊ नयेत.

बहर सुरू झाल्यावर सुकलेली फुले काढताना पहिल्या वर्षी दांडा लांब कापू नये. फुलाखालच्या पहिल्या भरदार पानाशी काप पुरेसा आहे. एक लहान छाटणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पहिला बहर ओसरल्यावर केली, की फेब्रुवारीत दुसरा बहर मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस किंवा गारपिटीचा इशारा असेल, तर उमललेली फुले आदल्या संध्याकाळीच कापून घरात आणावीत; या दाट फुलांत पाणी शिरले की पाकळ्या चिकटून फूल न उघडताच तपकिरी होते.

कोणत्या महिन्यात काय येते

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ्या ठिपक्याचा काळ असतो. खालच्या पानांवर झालरीसारख्या कडा असलेले काळे डाग, मग पिवळेपणा आणि पानगळ, असा त्याचा क्रम आहे. पावसाळा लागताच जमिनीपासून एक फुटापर्यंतची पाने काढून टाकावीत, म्हणजे मातीवरून उडणाऱ्या थेंबांबरोबर बुरशी वर चढत नाही. निरोगी जातींवर एवढ्याने बरेच भागते. तरीही रोग वाढला, तर मॅन्कोझेब अडीच ग्रॅम प्रतिलिटर या प्रमाणात, हातमोजे आणि मास्क घालून, पावसाच्या उघडिपीत फवारावे.

डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखी भुरी दिसते. तिला ओले पान लागत नाही, थंड दमट रात्री आणि उबदार दिवस एवढेच पुरते. पाण्यात मिसळणारे गंधक दोन ग्रॅम प्रतिलिटर फवारल्याने ती आटोक्यात येते, मात्र दुपारचे तापमान तीस अंशांच्या वर जात असेल तर गंधकाने पाने करपतात, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यानंतर ते वापरू नये.

मार्चपासून फुलकिडे येतात. कळी उघडत नाही, पाकळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या होतात आणि कोवळी पाने मुरडतात. मिरचीवर चुरडा-मुरडा आणणाऱ्या फुलकिड्याचीच ही करामत बहुधा असते. पांढऱ्या कागदावर फूल झटकले, की दोऱ्याच्या तुकड्याएवढे पिवळसर किडे चालताना दिसतात. पांढऱ्या आणि फिकट फुलांवर त्यांचा जीव अधिक, त्यामुळे 'डेस्डिमोना'कडे या दिवसांत विशेष लक्ष द्यावे. किडलेल्या कळ्या तोडून बंद पिशवीत टाकाव्यात आणि संध्याकाळी निंबोळी तेल पाच मिली प्रतिलिटर, थोडे साबणाचे पाणी मिसळून, आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारावे.

एप्रिल-मेमध्ये पानांच्या मागे लाल कोळी जमतो आणि पान धुळकट, निस्तेज दिसू लागते. पानांवर पाणी पडू देऊ नये, हा वर्षभराचा नियम येथे उलटा होतो. सकाळी पाइपच्या जोराच्या धारेने पानांची मागची बाजू एक दिवसाआड धुवावी. त्या हवेत पान दहा मिनिटांत सुकते, त्यामुळे बुरशीची भीती नसते, आणि कोळ्याला कोरडेपणाच हवा असल्याने तो धुतल्याने हटतो.

उन्हाळा पार करताना

एप्रिलच्या मध्यापासून झाडाकडून फुलांची अपेक्षा ठेवू नये. या दिवसांत फूल लहान, फिके आणि विरळ पाकळ्यांचे येते व एका दिवसात गळते, म्हणून कळ्या मुगाएवढ्या असतानाच खुडाव्यात. छाटणी मात्र करू नये. झाडाची स्वतःची पानेच खोडाला सावली देतात आणि ती गेली की उघड्या फांदीची साल पश्चिमेच्या बाजूने भाजते. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी झाडापासून दोन फूट वर, पश्चिमेकडे उतरती बांधावी. बुडाशी सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) तीन इंच पसरावे, पण खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी आणि कुटाराखाली निंबोळी पेंड भुरभुरावी, नाहीतर वाळवी लागते. या काळात खत पूर्ण बंद ठेवावे. मृगाचा पाऊस स्थिरावला की जाळी काढावी आणि कुजलेले कुटार उचलून टाकावे.

तिसऱ्या वर्षापासून

पहिली दोन वर्षे झाड आपला सांगाडा उभा करते. तिसऱ्या ऑक्टोबरमध्ये बुडाशी पाहिले, तर राखाडी, भेगाळलेल्या सालीची एखादी जुनी फांदी आणि तिच्या शेजारी तजेलदार हिरवी, कधी तांबूस, नवी फांदी दिसेल. ती जुनी फांदी बारीक आरीने थेट सांध्यापासून काढावी, काप पेस्टने झाकावा आणि त्या वर्षी इतर फांद्यांना हलकाच हात लावावा. पुढे दरवर्षी अशी एक जुनी फांदी काढत गेल्याने झाड चार वर्षांत संपूर्ण नवे होते आणि उंची कमरेएवढी राखता येते. बुडातून नवी फांदी येतच नसेल, तर सांध्याभोवती साचलेली माती आणि कुजका पाचोळा बोटांनी बाजूला करून तो उन्हाला मोकळा करावा. माझ्या 'प्रिन्सेस ॲन'ने तीन आठवड्यांत अशाच मोकळ्या केलेल्या सांध्यावर दोन लाल डोळे फोडले होते.